पाळण्याची दोरी

सोनूबाईने दोरी सोडली नाही. पाद्री आत्माराम दोनदा खाकरले, तरी ती पाळण्याशेजारी बसूनच राहिली. रत्नागिरीच्या त्या कौलारू चर्चमध्ये नाताळच्या सकाळी पाळणा टांगला जाई. पाद्रीबाई त्यात लाकडी बाळ ठेवत, आणि दोरी ओढून येशूचा पाळणा म्हणायचा मान अकरा वर्षं सोनूबाईचा होता. यंदा पाद्रीबाई तापाने घरी पडल्या. पाद्र्यांनी बाळ आणि गाणं, दोन्ही मैनेला दिली.

मैना म्हणजे मिऱ्या बंदरावरची मासे विकणारी. बाप्तिस्मा होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. ओरडून ओरडून गळा बसलेला. पदरात चार मुलं, पाचवं पोटात. तिला आणखी कशाला हवं होतं? सोनूबाईच्या घरात पाळणा कधी हललाच नाही. पावसला सासरी कुणाचं बारसं निघालं, की सासू तिला विहिरीवर पाण्याला धाडायची. वर्षातून एकदा हातात येणारी ही दोरी तेवढी तिची होती, आणि आता तीही मैनेने न्यावी हे तिला बघवत नव्हतं. चुकू दे हिला, ती मनात म्हणाली. सगळ्यांसमोर चुकू दे. नाताळच्या दिवशी असलं मागू नये हे तिला ठाऊक होतं. तरी मागितलं.

आणि मैना चुकली. बाळ पाळण्यात ठेवायचं सोडून तिने ते, गावाकडे बारशाला करतात तसं, पाळण्याखालून पलीकडे धरलं आणि सवयीने म्हणाली, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फस्सकन हसलं. पाद्र्यांनी डोळे मिटून घेतले. सोनूबाईच्या जिवाला गार वाटलं.

मैना ओशाळली, पण हात मागे घेतला नाही. एका हाताने पोट सांभाळत ती तशीच वाकून राहिली. पलीकडे सोनूबाईशिवाय कोणी नव्हतं.

"धरा की, सोनूबाय," ती हळूच म्हणाली. "पलीकडं घेणारं कोण नसलं, तर पोर येऊन काय उपेग?"

सोनूबाईने इकडेतिकडे पाहिलं. तिला पाण्याला धाडायला कोणी उठलं नाही. दोरीचे दोन वेढे तिच्या मुठीभोवती होते. ते सोडवल्याशिवाय बाळ घेता येणार नव्हतं. तिने ते सोडवले.

बाळ वीतभर होतं, रंग उडालेलं. अकरा वर्षं तिने त्याला झोके दिले होते, हातात कधी घेतलं नव्हतं.

"दोरी तू धर गं," ती मैनेला म्हणाली. मग नाव सांगायला आत्या वाकते तशी ती बाळाच्या कानाशी वाकली, आणि नाव सांगायचं सोडून तिने विचारलं, "माझ्याकडं पण आलास?"