नळीच्या आतली बोटं

दलदलीचं पाणी गाळणाऱ्या सिरॅमिकच्या नळ्यांवर गाळ नेहमी बाहेरूनच बसायचा. त्या दिवशी धुताना गाळणी केंद्राच्या ऑपरेटरच्या हातून एक नळी निसटून फुटली आणि आतल्या पांढऱ्या भागावर पाच हिरवट बोटं उमटलेली दिसली.

ऑपरेटरने हाताखाली काम करणाऱ्या मेहुण्याला फैलावर घेतलं. "आत हात घातलास? तुझ्याशिवाय इथे आहेच कोण?"

"भाऊजी, हिच्या तोंडात माझी करंगळी तरी जाते का?"

संशय फिटेना. त्याने दुसरी, धडधाकट नळी स्वतः फोडली. तीच बोटं, ओली.

नळ्या धुणाऱ्यानेच गाळलेल्या पाण्याचा सकाळचा पहिला ग्लास प्यायचा, हा तिथला नियम. ऑपरेटर तो मघाशीच गटागटा प्यायला होता.

"यातही मीच हात घातला का?" म्हणत मेहुण्याने तोच रिकामा ग्लास पुढे सरकवला.

तळापासून, ऑपरेटरने ओठ लावलेल्या काठापर्यंत बोटं आतून चढत गेली होती. काठाबाहेर एकही उतरलं नव्हतं.