मनगटावरचा चष्मा

कांदा असा उभा चिरतात का?

निळ्या जेलची बाटली. उलटी ठेवलेली, तळाला आलेली.

खोलीतला दिवा कोण मालवणार?

लग्न पुढच्या महिन्यात.

डावी काच गेली. उजवी अजून टक लावून बघतेय.

“हात ढिला सोडा,” लेझरवाली ताई म्हणाली. “मूठ आवळली की कातडी ताणते.”

तिने मूठ सोडली. खुर्ची दाताच्या डॉक्टरकडे असते तशी, रेलल्यावर पाय अधांतरी ठेवणारी. दोघींच्या डोळ्यांवर जाड, गडद चष्मे. तिसरा चष्मा तिच्या मनगटावर, गोंदलेला. गोल काचा, एका काडीला दोरा गुंडाळलेला. पहिल्या सासूचा.

हा चष्मा तिच्याबरोबर भाजी चिरायला बसायचा आणि कांद्यावरून बोलायचा. ती खोलीबाहेर पडली की दिव्यावरून बोलायचा. कपडे वाळत घालताना चिमटे कमी का लावले, म्हणून विचारायचा. ते एक वेळ चाललं असतं. पण पहिल्याच भेटीत, चहाचा कप घेता घेता, होणाऱ्या सासूने विचारलं, “कुणाचा गं हा चष्मा?”

“असाच. फॅशन,” ती म्हणाली आणि बाही खाली ओढली. त्याच आठवड्यात तिने इथली वेळ घेतली. नव्या घरात कोऱ्या हाताने जायचं, एवढंच तिला हवं होतं. त्या एवढ्याशाला महिने लागत होते.

टक. टक. टक.

रबर ताणून कातडीवर सोडावं तसं. प्रत्येक वेळी त्याच जागी.

ताई थांबली. हातमोज्यातलं बोट तिने दोरा गुंडाळलेल्या काडीवरून फिरवलं. परत फिरवलं.

“इथलं काळं गेलंय. पण बोटाला लागतंय काहीतरी. खरखरीत. शाईत काय होतं?”

“शाई.”

“बाई, मी रोज शाईच काढते. ही नुसती शाई नाही.”

“थोडी राख होती.”

“कसली राख?”

“सासूची.”

ताईने यंत्राचा दांडा जागेवर ठेवला. एक हातमोजा काढला. काय करावं न सुचून तो परत घातला.

“आणि हे तुम्ही आज सांगताय?”

“आधी सांगितलं असतं तर काय, जोरात मारलं असतंत?”

“अहो, पण सासू?” ताईला हसू आवरेना. “लोक आईची राख घेतात, नवऱ्याची घेतात. एकाने मांजराची घेतली होती. सासूला कुणी आपणहून अंगात घेतं का?”

“नवऱ्याला हुक्की आली होती. दोघांनी गोंदवायचं ठरलं. सुई बघितली आणि साहेबांना अचानक फोन आला, गेले बाहेर. मी बसले. शहाणी ना!”

“आणि ते साहेब?”

“सुटले कोर्टात. एका सहीत. ही सुटत नाही.” तिने मनगट ताईच्या नाकासमोर धरलं. “जिवंत होती तोवर पाठ सोडली नाही, मेल्यावर हात सोडत नाही. लावा ते यंत्र. म्हातारीला परत एकदा जाळा.”

या वेळी ताई हसली नाही.

“एकदा जळलेलं परत जळत नाही हो. हे यंत्र काळं पकडतं. राख काळी नसते. चष्मा जाईल. त्या राहतील.”

“कुठे?”

“आहेत तिथेच.”

“म्हणजे इतके दिवस मी हात भाजून घेतला, तो कशासाठी?”

“दिसणार नाही ना! लग्नात कोण तुमचं मनगट चाचपून बघणार आहे?”

तिला संताप आला. ताईचा आला, यंत्राचा आला, पाय टेकू न देणाऱ्या त्या खुर्चीचा आला. उठावं आणि निघून जावं. पण एक काच घेऊन जाणार कुठे? अर्धा चष्मा पुऱ्यापेक्षा वाईट. तो एक डोळा मिटून नेम धरल्यासारखा बघतो.

तिने हात परत पुढे केला.

“जेवढं जळतंय तेवढं जाळा.”

टक. टक. टक.

उजवी काच आधी राखाडी झाली. मग पांढरट. मग नुसती लाल, गोल सूज राहिली. तिच्या गडद चष्म्याच्या रबराखालून पाणी निघालं आणि कानाकडे ओघळलं.

“दुखतंय? थांबू का?”

“दुखत नाहीये. हा चष्मा घट्ट आहे तुमचा.”

ताईने मनगटावर गार पट्टी ठेवली, मशीन बंद केलं आणि खुर्ची सरळ केली. तिचे पाय जमिनीला लागले.

“झालं. आता शोधूनही सापडायची नाही.”

तिने पट्टी उचलली आणि अंगठ्याने चाचपलं. काचेच्या जागी काही नाही. दोन काचांमधल्या दांडीवर काही नाही. काडीपाशी, दोऱ्याच्या जागी, वाळूसारखं काहीतरी लागलं. तिने अंगठा तिथेच दाबून धरला.

“अहो, हात नका लावू! चिघळेल ते!” ताई ओरडली.

तिने अंगठा काढला नाही.

सासू वारली तेव्हा हिच्या घटस्फोटाला वर्ष होऊन गेलं होतं, आणि ती चमचाभर राख हिने एकटीने नणंदेच्या दारात उभं राहून मागून आणली होती.