सगळ्यात वरची खिडकी

इंग्रज जमीनदारांच्या मोठ्या घराच्या आता नुसत्या भिंती उरल्यात, आत आमच्या गाई चरतात. इंग्रजांशी लढाई चालू होती तेव्हा गावच्या पोरांनी ते पेटवलं. त्या पोरांत माझा धाकटा भाऊ फिंटन होता आणि त्या घरात मी मोलकरीण होते. गाई वळवायला आलो की तो दर खेपेला तीच गोष्ट सांगतो.

"अख्ख्या आयर्लंडात इतकं रीतसर घर कुणी जाळलं नसेल, ताई! बाईसाहेबांना अर्धा तास दिला. पियानो आम्हीच उचलून हिरवळीवर आणला. चित्रं, घड्याळं, कुत्र्याची टोपलीसुद्धा! मगच रॉकेल ओतलं."

"हो, आणि पियानोखाली बोट चेंगरून घेतलंस, गाढवा."

तो हसला. मग बराच वेळ काठीने गवत उकरत राहिला.

"ताई, आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. हल्ली चेहराच आठवत नाही गं, नुसती शाल दिसते. तुझ्याकडे तिचा एक फोटो होता ना? दाखव की एकदा."

चाळीस वर्षं मी या प्रश्नाला भीत आले होते. मी सगळ्यात वरच्या खिडकीकडे बोट केलं. तिच्यातून आरपार आभाळ दिसत होतं.

"तिथे आम्ही मोलकरणी झोपायचो. माझ्या खाटेच्या वर खिळ्याला लावला होता. वर आमचंही काही आहे का, ते तुमच्यापैकी कुणी विचारलंच नाही रे."