कुऱ्हाडी लपवायला लावणारं इंग्रजी

रामूनं तोंड उघडलं की धाकल्या आपली कुऱ्हाड उचलून घरामागे जायचा.

आठ दिवस हे चाललं होतं. रामू साहेबाशी इंग्रजीत बोलू लागला की पाड्यातला एकेक जण उठायचा, कुऱ्हाड, कोयता, जे काय असेल ते घेऊन गुपचूप जायचा आणि रिकाम्या हातांनी परत येऊन बसायचा. रामूला वाटे, हा मान आहे. शिकल्या माणसासमोर हत्यार धरू नये, एवढी रीत झरीजवळच्या या पाड्यावरही आहे, याचं त्याला फार बरं वाटे.

साल एकसष्ट. जमिनीत भोक पाडून पाणी काढायचं मशीन आलं होतं. मशीनबरोबर ऑस्ट्रेलियाचा एक साहेब होता, आणि साहेबाबरोबर दुभाष्या म्हणून डहाणूचा रामू. दोन ठिकाणी खोदून झालं. दोन्हीकडे नुसती दगडाची पूड. उद्या सकाळी मशीन सायवनला जाणार होतं. मग पाड्यातल्या बायकांनी दीड कोसावरच्या डबक्यातून पाणी आणायचं, आजवर आणलं तसंच, पुढे कायम. पाणी कुठे लागेल हे पाड्याला पक्कं ठाऊक होतं. पाडा सांगत नव्हता.

रामूच्या मते सगळा दोष साहेबाच्या इंग्रजीचा. रामू इंग्रजी शिकला देवजी मास्तरांकडे, आणि मास्तर शिकले रेडिओवरच्या लंडनकडून. ओठ जेमतेम हलवायचे, शब्द कात्रीनं कापल्यासारखे टाकायचे. हा साहेब मात्र तोंड पसरून बोले, प्रत्येक शब्दाला शेपूट लावी आणि निम्मं बोलणं नाकातून सोडी. चारातला एक शब्द कळे. बाकीचे तीन रामू स्वतःच्या पदरचे घाली. त्याला साहेबाची दयाच येई. म्हणून तो साहेबाशी जास्तीत जास्त शुद्ध लंडनी सुरात बोले. ऐकून तरी सुधारेल. साहेब हसून मान डोलवी. सुधारणा काही दिसत नव्हती.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी साहेबानं दोन्ही हात पसरून काहीतरी विचारलं. रामूनं ते आधी दुरुस्त करून साहेबालाच म्हणून दाखवलं. मग पाड्याकडे वळून तो म्हणाला, "साहेब आपणां सर्वांस विचारीत आहेत, की जलाचा संभव कोणत्या स्थळी आहे?"

धाकल्या कुऱ्हाड घेऊन उठला.

"बस रे खाली," भिकी म्हणाली. पाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई. मग ती रामूकडे वळली. "आणि तू गप रहा जरा. त्याला बोलू दे."

"आजी, त्याचं इंग्रजी अशुद्ध आहे."

"असू दे. तुझं शुद्ध ऐकलंय मी. मी तरणी होती तवा एक गोरा जंगलसाहेब यायचा. असाच बोलायचा, तोंड न उघडता. पाणी कुठे पिता, म्हणून शिपायाकडून विचारलंन. आम्ही दाखवलं. महिन्यात तिथे तारेचं कुंपण. कुऱ्हाडी नेल्यान त्या वेगळ्या."

रामूला आठ दिवसांचा मान एकदम आठवला. इंग्रज जाऊन चौदा वर्षं झाली होती. पाड्याचा त्यावर नुकता कुठे विश्वास बसत होता, तेवढ्यात रामू आला होता.

साहेब बोलला. भिकी डोळे मिटून ऐकत राहिली, आणि तिच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"हा शहरातला नाय. आम्ही तलासरीच्या बाजारात तोंड उघडलं की दुकानदार हसतात ना? याला याच्याकडच्या बाजारात हसत असतील. कुठल्या पाड्याचा रे हा?"

"ऑस्ट्रेलियाचा."

"ते मोठं झालं. पाडा?"

रामूनं विचारलं, लंडनी सुरात. साहेब हसला आणि त्यानं मान डोलवली. भिकीनं कपाळाला हात लावला. काटकी घेऊन तिनं धुळीत पाड्याची अकरा घरं काढली, एका घरावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर, आणि काटकी साहेबाच्या हातात दिली.

साहेब उकिडवा बसला. त्यानं एक घर काढलं. भोवती मेंढ्या काढल्या, बऱ्याच. मग हात पोचेल तितकी लांब रेघ ओढून टोकाला विहीर काढली. रेघेच्या मध्यावर दोन बादल्या धरलेलं एक पोर काढलं आणि बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं.

सगळा पाडा वाकून बघत होता.

"एकच घर?" धाकल्या म्हणाला. "अरेरे."

"आणि पाण्याला एवढा चालायचा," भिकी म्हणाली. गुडघ्यावर हात देऊन ती उठली. "चल रे बाबा. दाखवते."

जागा उंबराच्या खाली उतारावर होती, जिथे भर उन्हाळ्यातही बकऱ्या थंडाव्याला बसायच्या. धाकल्यानं सगळ्यांदेखत कुऱ्हाड चालवून झुडपं साफ केली आणि मशीनला वाट करून दिली. बायका हंडे घेऊनच आल्या. दुपारपर्यंत पुन्हा नुसती पूड. मग पूड काळी पडली. मग चिखल झाला. मग भोकातून पाणी उसळलं आणि सगळ्यांत जवळ उभ्या असलेल्या रामूच्या तोंडावर आलं.

रामू देवजी मास्तरांना विसरला. लंडनलाही विसरला. त्याची आई जमुना डहाणूच्या बाजारात सुके बोंबील विकताना जो आवाज लावायची, तो त्याच्या तोंडून निघाला:

"वॉटर, साहेब! कम, कम! लुक, गुड वॉटर!"

साहेब धावत आला, आणि पाण्याकडे बघायचं सोडून रामूकडेच बघत राहिला. तोंड पसरून तो काहीतरी बोलला. आज पहिल्यांदाच रामूला त्यातला शब्दन् शब्द कळला.

"म्हणजे तुला इंग्रजी येतं? मला आठ दिवस वाटत होतं, तू माझ्याशी मराठीच बोलतोयस."