तारीख छापणारा कॅमेरा

"तुमचा तो जुना कॅमेरा आणा, फोटोच्या कोपऱ्यात तारीख छापणारा," असं मेहुल सरांनी फोनवर सांगितलं, तेव्हाच जागृतीच्या मनात पाल चुकचुकली. कुंभवलीत तिचा स्टुडिओ होता. दर खंडेनवमीला ती त्यांच्या कारखान्यात यंत्रांच्या पूजेचे फोटो काढायला यायची, आणि दर वेळी हेच मॅनेजर मेहुल सर तिच्या मोठ्या कॅमेऱ्याचं तोंड भरून कौतुक करायचे. आज त्यांना तो नको होता. पंधरा वर्षं कपाटात पडून राहिलेला, साबणाच्या वडीएवढा डबा हवा होता.

कारखान्याच्या हॉलमध्ये भिंतीवर 'सुरक्षा प्रशिक्षण' असा फलक लावला होता. त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या, पण खाली तारीख गेल्या महिन्याची होती. खुर्च्यांवर वीसेक कामगार, डोक्यावर नव्याकोऱ्या पिवळ्या टोप्या. एकीवरची किमतीची चिठ्ठीसुद्धा कुणी काढलेली नव्हती. एरवी फोटो म्हटला की हीच माणसं केस विंचरायला नळाकडे धावतात. आज सगळे शाळेत छडी खाऊन बसल्यासारखे गप्प होते.

मेहुल सरांनी कॅमेरा मागून घेतला, बटणं दाबून त्याची तारीख महिनाभर मागे नेली आणि परत दिला. घड्याळ चुकलं होतं, म्हणाले. मग मोबाइलवरच का नाही काढले, असं तिनं विचारलं. मोबाइल नको ते नोंदवून ठेवतो, असं काहीतरी ते पुटपुटले. पाणी कुठे मुरतंय ते तिला कळून चुकलं होतं.

परवाच जिवली तिच्या स्टुडिओत आली होती. नवऱ्याचा, सुकाचा, मोबाइलमधला फोटो तिला कागदावर काढून हवा होता. उजवा हात मनगटापर्यंत, पुढे नुसती पट्टी. पंधरा दिवसांपूर्वी याच कारखान्यातल्या यंत्रात पंजा गेला होता. भरपाई मागितली तर कंपनी म्हणते, शिकवलं होतं, हातमोजे दिले होते, यानंच घातले नाहीत. "बाय, त्याला कोनी काय शिकवला नाय," जिवली म्हणाली होती. "हातमोजा कसा असते, त्ये आमी दवाखान्यात बघला, डाक्टरच्या हातात."

आता शिकवल्याचा पुरावा तयार होत होता, आणि तो जागृतीच्याच हातून. निघून जावं असं तिला फार वाटलं. पण ती गेली असती तर तासाभरात बोईसरहून दुसरा कुणी आला असता आणि काही न विचारता काम उरकून गेला असता. ती थांबली.

सगळ्यांचे एकत्र फोटो झाले. मग मेहुल सरांनी एका तरुणाला पुढे बोलावलं. तोंडावर मास्क, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि खिशावर बिल्ला: सुका. याचा हातमोजे घातलेला एक फोटो हवा, चेहरा नाही आला तरी चालेल, बिल्ला आला पाहिजे, असं त्यांनी समजावलं.

जागृतीला संताप आला, आणि तो आधी त्या तरुणावरच. दुसऱ्याच्या तुटलेल्या हाताच्या जागी स्वतःचा हात पुढे करायला माणसाला लाज कशी वाटत नाही? मेहुल सर फोन आला म्हणून दाराकडे गेले, तेव्हा तिनं हलक्या आवाजात विचारलं, "सुका तू?"

"जिवली माजी बहिन हाय," तो खाली बघत म्हणाला. "नाय उबा रेलो त उद्यापासून येव नको, सांगला."

तो हातमोजा चढवू लागला. रबरी, लांब, कोपराजवळ पोचणारा. तो वर जाण्याआधी तिला त्याच्या हातावरचं गोंदण दिसलं. महालक्ष्मीच्या जत्रेत पोरं गोंदून घेतात तसं, हिरव्या ठसठशीत अक्षरांत: नीलेश.

तिनं बघितलं, हे त्यानंही बघितलं. सुकाचा बिल्ला आणि नीलेशचा हात एका फोटोत आले तर तारीख, फलक, टोप्या सगळंच खोटं पडत होतं. कॅमेऱ्याच्या एवढ्याशा, चरे पडलेल्या पडद्यावर मेहुल सरांना ते नाव दिसलं नसतं. कागदावर मोठं केलं की कुणालाही वाचता आलं असतं. पण वाचलं गेलं की पहिला हाच घरी बसणार होता. ती जिवलीच्या बाजूची होती, तरी या पोराचा बळी द्यायचा तिला धीर होईना.

"वर ओढून घे," ती म्हणाली.

त्यानं हातमोजा कोपरापर्यंत ओढला. जागृतीला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लगेच शरमही वाटली. मेहुल सर परत आले, तिच्या मागे उभे राहिले आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे टक लावून बघू लागले. काढा, म्हणाले.

नीलेश हलला नाही. मग त्यानं हातमोज्याची वरची कड दुमडली. एकदा, पुन्हा एकदा, चिखलात उतरताना माणूस पँट दुमडतो तशी, पण खालच्या अंगाला, पार मनगटापर्यंत. आणि तो हात बिल्ल्याच्या शेजारी छातीवर आडवा धरला.

जागृतीनं बटण दाबलं. तारीख आली, छान आली, असं म्हणून मेहुल सर बाजूला झाले आणि पुढच्या माणसाला हाक मारू लागले. नीलेशनं हात खाली घेतला नाही.

"आनखी एक काढा, ताई," तो म्हणाला. "हात हालला असेल माजा."