ओढ्यात गेलेले बाप्पा

भर पावसात डोंगर चढत तुळसा शाडूचा गणपती घरी नेत होती. मूर्ती डोक्यावर, मागून सासूची कुरकुर चालू. “नीट धर गं. घसरलीस तरी मूर्ती वर राहिली पाहिजे!”

ओढा ओलांडताना सासूचाच पाय सटकला आणि ती वाहू लागली. तुळसाने मूर्ती सोडली नि दोन्ही हातांनी तिला धरलं. काठावर ओढून आणेपर्यंत बाप्पा ओढ्याच्या पाण्याबरोबर कड्यावरून खाली गेले होते.

धापा टाकत सासू कडाडली, “देवाला सोडलंस?”

“बाप्पा दरवर्षी परत येतात, आत्याबाई,” पदर पिळत तुळसा म्हणाली. “तुमचा काही भरवसा नव्हता.”

सासू खो खो हसत सुटली. घरी तिने पाटावर सुपारी मांडली आणि नैवेद्याआधीच सुनेच्या तोंडात मोदक कोंबला.