चढलेलं बोट

"मूठ वळ," डॉक्टर तांबोळी म्हणाल्या.

एकोणीस वर्षांच्या हर्षलाने उजवी मूठ वळली. बोटं शेजारी शेजारी बसायला हवी होती, पण अनामिका करंगळीवर चढली.

"तीन आठवड्यांपूर्वी लचकलंय," तिच्या आधी भोईटे सरच बोलले. ते तिचे कबड्डीचे प्रशिक्षक. "मी मैदानावरच ओढून बसवलं, पट्टी बांधली. पोरीने फायनल जिंकून दिली. आता राज्य स्पर्धेसाठी तेवढं फिटनेस सर्टिफिकेट द्या."

"लचकलेलं बोट असं चढत नाही. तळहातातलं हाड मोडलंय," डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. "तेव्हाच आणली असती, तर कदाचित प्लास्टरवर भागलं असतं. आता हाड वाकडं जुळलंय. ऑपरेशन करून परत मोडावं लागेल आणि सरळ बसवावं लागेल."

"ते स्पर्धेनंतर बघू. त्या दिवशी ही दुखतंय असं एका शब्दाने म्हणाली नाही."

"मी म्हणाले होते." हर्षलाचा आवाज रडवेला नव्हता. "दोनदा म्हणाले. तुम्ही म्हणालात, पोरींना रडायला निमित्तच लागतं."

"अगं, ते तुला चेव यावा म्हणून," सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले.

"सर, तुम्ही बाहेर थांबा."

चार वर्षांत ती त्यांच्याशी अशी कधी बोलली नव्हती. ते उठून जाईपर्यंत तिने नजर हलवली नाही. दार लागल्यावर ती डॉक्टरांकडे वळली.

"कधी मोडायचं?"